घरची मोटारसायकल आणि तिचे तेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे, विषय माझा मीच ठरवावा, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला. मी "मोटारसायकलचे इंजिन ऑइल आणि क्लच" असा विषय कळवला. त्यावर त्यांचा फोन आला, "अहो, व्याख्यान महिला मंडळात आहे बरं का!" मी म्हटले, "म्हणूनच तर हा विषय घेतला." दरवर्षी आपण येथे लोणची, लहान मुलांचे आजार, बचत, भिशीचे हिशेब यांविषयी ऐकतो. हे सारे घरसंसाराचेच विषय आहेत. पण ज्या वाहनावर आज आपला निम्मा संसार चालतो, त्याविषयी मात्र आपण गॅरेजवाला सांगेल ते खरे मानून पैसे मोजतो. गॅसची शेगडी बिघडली तर बर्नर आधी पाहावा की नळी, हे आपल्याला कळते. मोटारसायकलचेही तितके कळायला काही हरकत नसावी.

आपल्या सभासदांपैकी कितीजणी आज स्वतः गाडी चालवतात हे सांगायला नको. कोणी डबे पोहोचवतात, कोणी अंगणवाडीत जातात, कोणी शिवलेले कपडे पोहोचते करतात. पुष्कळ घरांच्या दाराशी दोन वाहने उभी असतात. एक बिनगिअरची स्कूटर आणि एक गिअरची मोटारसायकल. काही घरांत एक जुनी चारचाकीही असते. एका घरात ही तीन वाहने आणि कपाटात उरलेल्या तेलाची एक बाटली, एवढी सामग्री जमली की आजच्या माझ्या विषयाला सुरुवात होते.

आमचे सुट्या भागांचे दुकान आहे आणि गल्ल्यावर मी पुष्कळ वर्षे बसत आले. तेव्हा जे सांगणार ते पुस्तकी पांडित्य नव्हे. गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेले, मिस्त्रींशी बोलून पडताळलेले आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकात वाचलेले असे आहे.

आधी एक हकीगत सांगते. नाव सांगत नाही, कारण त्या बाई येथे नसल्या तरी त्यांच्या जावा असतील! या बाई साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून वरच्या हॉटेलांना पोळ्यांचे डबे देतात. गाडी शंभर सी.सी.ची, साधी. एकदा त्यांच्या दिरांच्या मोटारीचे ऑइल बदलले. मोठ्या डब्यातले लिटरभर उत्तम, महागाचे तेल उरले. घरात विचार झाला की एवढे चांगले तेल वाया का घालवायचे? मोटारसायकलचेही ऑइल बदलायचे आहेच, तिच्यात घालू. डब्यावरचा आकडाही तोच होता, १०डब्ल्यू-३०. घातले. गाडी सपाटीवर छान पळाली, आवाज मऊ झाला, सगळे खूश झाले.

आठ-दहा दिवसांनी घाटाच्या चढावर इंजिन किंचाळू लागले आणि गाडी मात्र जागची पुढे सरेना. मागे डब्यांचे ओझे, पाठीमागून एसटी. बाई कशीबशी गाडी कडेला घेऊन उतरल्या. गॅरेजमध्ये सांगितले गेले, "क्लच प्लेटा गेल्या." नव्या टाकल्या. काढलेले तेल नवेच दिसत होते म्हणून तेच पुन्हा ओतले. महिन्याच्या आत पुन्हा तोच प्रकार. आता घरात सगळ्यांचे एकच म्हणणे पडले, "हिला चालवताच येत नाही, सारखा क्लच दाबून धरते." दुसऱ्यांदा प्लेटांचा संच घ्यायला त्या आमच्या दुकानात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. दोन संचांचे पैसे गेले, मजुरी गेली, चार दिवसांचे डबे बुडाले, आणि वर हा ठपका. मी एकच प्रश्न विचारला, "वहिनी, ऑइल कोणते घातले आहे?"

त्या एका प्रश्नासाठी आजचे हे व्याख्यान आहे. मला सांगायचे ते थोडक्यात असे: तेल महाग की स्वस्त, चांगले की वाईट, हे नंतर पाहावे. ते कोणत्या यंत्रासाठी केलेले आहे हे आधी पाहावे. मोटारीला उत्तम असलेले तेल मोटारसायकलच्या क्लचचा घात करू शकते, आणि त्याचा दोष चालवणाऱ्या बाईच्या माथी येतो.

असे का होते हे समजण्यासाठी क्लच म्हणजे काय ते पाहू. इंजिन सारखे फिरत असते. चाक मात्र कधी फिरायला हवे, कधी थांबायला हवे. तेव्हा इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये जोडणारी-सोडणारी एक वस्तू लागते. ती क्लच. मोटारसायकलच्या क्लचमध्ये गोल चकत्यांची एक चवड असते. एक चकती पोलादाची, तिच्यावर एक घर्षणाचा थर चिकटवलेली, पुन्हा एक पोलादाची, अशा एकाआड एक. एका जातीच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या जातीच्या गिअरच्या दांड्याबरोबर. स्प्रिंगा ही सारी चवड एकमेकींवर घट्ट दाबून धरतात, म्हणून सगळ्या मिळून एक होऊन फिरतात आणि चाकाला जोर मिळतो. आपण डाव्या हाताने क्लच दाबला की स्प्रिंगांचा दाब सुटतो, चकत्या सैल होतात, इंजिन एकीकडे आणि चाक एकीकडे होते. हात सोडला की पुन्हा पकड येते.

आता यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या रस्त्यांवरच्या जवळजवळ सर्व मोटारसायकलींमध्ये ही चवड इंजिनाच्या तेलात भिजलेली असते. जे तेल पिस्टनला वंगण देते, तेच गिअरच्या दात्यांना देते आणि त्याच तेलात क्लचही बुडतो. हे तेल चकत्यांची उष्णता वाहून नेते, म्हणून क्लच टिकतो. चारचाकीचे तसे नाही. साध्या गिअरच्या मोटारीत क्लच कोरडा, वेगळ्या घरात असतो, आणि गिअरबॉक्सचे तेलही वेगळे असते. म्हणजे मोटारीच्या इंजिन ऑइलला एकच घर सांभाळायचे असते. मोटारसायकलच्या ऑइलला तीन घरे सांभाळायची असतात. शिवाय या तिघांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. पिस्टन म्हणतो मला घसरू द्या, क्लच म्हणतो मला धरू द्या.

तेलकट हाताने बरणीचे झाकण उघडायला गेले म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. हातात जोर पुष्कळ असतो, पण झाकण हलत नाही. हातच झाकणावरून फिरतो. क्लच घसरतो म्हणजे हेच होते. इंजिनाचा जोर शाबूत असतो, पण चकती चकतीवरून निसटते आणि जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. तो वाया गेलेला जोर उष्णता होऊन चकत्याच जाळतो. पुरते जळालेले घर्षणाचे थर काळे पडून गुळगुळीत होतात, पोलादी चकत्यांवर निळसर डाग उठतात आणि तेलाला करपट वास येतो.

आता तुम्ही विचाराल, तेल म्हणजे तेलकटच असणार, मग क्लच इतर तेलांत तरी कसा धरतो? प्रश्न योग्य आहे. साध्या तेलाचा थर स्प्रिंगांच्या दाबाखाली चकत्यांमधून बराचसा दूर होतो आणि पकड येते. पण काही तेलांत घर्षण कमी करणारी खास द्रव्ये मिसळलेली असतात. मॉलिब्डेनम नावाच्या धातूची काही संयुगे त्यांत मोडतात. ही द्रव्ये धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि दाबाखालीही निघत नाहीत. मोटारीच्या इंजिनात यांचा फायदा होतो, कारण इंजिन हलके फिरते आणि पेट्रोल थोडे वाचते. मोटारसायकलच्या क्लचमध्ये तीच द्रव्ये नको तेथे जाऊन बसतात.

ही द्रव्ये तेलात आली कशी, त्याचीही एक कथा आहे. १९७३ साली जगात खनिज तेलाचा तुटवडा पडला आणि किमती कडाडल्या. १९७५ साली अमेरिकेने कायदा करून मोटारींच्या इंधनवापराला मर्यादा घालण्याचे ठरवले. मग मोटारीचे कारखानदार आणि तेलाच्या कंपन्या, दोघेही थेंब थेंब पेट्रोल वाचवण्याच्या मागे लागले. तेले पातळ झाली, घर्षण घटवणारी द्रव्ये वाढली. मोटारींचे भले झाले, पण मोटारसायकलवाल्यांच्या क्लचच्या तक्रारी येऊ लागल्या. जपान हा मोटारसायकली बनवणारा मोठा देश. तेथील मोटार उद्योगाच्या मानक संस्थेने १९९८ साली चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी निराळे मानक काढले. त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जे, ए, एस, ओ. आपण "जासो" म्हणू. तेल क्लचला किती पकड देते याची यंत्रावर परीक्षा घेऊन त्याचा वर्ग ठरवायचा, ही त्या मानकाची मुख्य गोष्ट. नंतर त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. आज आपल्या बाजारातील मोटारसायकलच्या तेलाच्या बाटलीवर हीच अक्षरे असतात.

आपल्याकडे हा प्रश्न थोडा उशिरा आला, याचेही कारण आहे. आपल्या वडिलांच्या, सासऱ्यांच्या वेळच्या गाड्या आठवा. १९७२ साली आलेली बजाज चेतक. तिचे इंजिन दोन-स्ट्रोकचे. इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, पेट्रोल पंपावर मापाने ओतून घ्यायचे, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचे. क्लच आणि गिअर यांना खाली वेगळे तेल. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटलाही क्लचचे घर निराळे आणि त्याचे तेल निराळे. म्हणजे इंजिनात कोणतेही तेल घातले तरी ते क्लचला शिवत नसे. १९८५ साली हिरो होंडाची चार-स्ट्रोक सी.डी. १०० आली आणि हळूहळू रस्त्यावर तशाच गाड्यांचे राज्य झाले. त्यांत इंजिन, गिअर, क्लच या सर्वांना एकच तेल. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी "आम्ही आयुष्यभर कोणतेही ऑइल घातले, काही झाले नाही" म्हणतात, तेव्हा त्यांना खोटे पाडण्याचे कारण नाही. त्यांच्या गाडीपुरते ते खरे होते. गाडी बदलली, तेव्हा सल्लाही बदलायला हवा.

आता बाटली कशी वाचायची ते सांगते. हा भाग नीट ऐका, कारण दुकानात उभे राहिल्यावर हाच उपयोगी पडतो.

बाटलीवर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली आकड्यांची. १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे काहीतरी लिहिलेले असते. हा तेलाचा दाटपणा. डब्ल्यू म्हणजे हिवाळ्याचे इंग्रजी आद्याक्षर. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते ते सांगतो. शंभर-एकशेदहा सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते, काही मोठ्या गाड्यांना २०डब्ल्यू-५०, नव्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. आपल्या गाडीचा आकडा माहितीपुस्तकात असतो. शेजारणीच्या गाडीचा आपल्याला चालेलच असे नाही.

पण या आकड्यावरून क्लचविषयी काहीही कळत नाही, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. डबेवाल्या वहिनींच्या घरी आकडा बरोबर होता. १०डब्ल्यू-३० मोटारीच्याही तेलावर असते आणि मोटारसायकलच्याही. उलट, इंधन वाचवणारी द्रव्ये मोटारीच्या अशा पातळ तेलांतच विशेष करून आढळतात. साडीची लांबी सारखी असली म्हणून सूत आणि रेशीम एक होत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट म्हणजे ए, पी, आय ही अक्षरे आणि त्यापुढे एस-एल, एस-एन, एस-पी असे काही. ही अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेची प्रत. एसच्या पुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी ती प्रत नवी. पण ही प्रत पेट्रोलच्या इंजिनापुरती आहे. क्लच धरेल की नाही हे तीत पाहिलेले नसते. म्हणून "सर्वांत नवीन प्रत आहे, घ्या" असे कोणी म्हटले तर भुलू नये. या संस्थेचे एक गोल चिन्ह मोटारीच्या तेलाच्या डब्यावर असते. त्या गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात "रिसोर्स कन्झर्व्हिंग" किंवा जुन्या डब्यावर "एनर्जी कन्झर्व्हिंग" असे इंग्रजी शब्द असले, तर ते इंधन वाचवणारे तेल आहे. मोटारसायकलच्या जवळही ते आणू नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जासोची. येथे दोन वर्ग लक्षात ठेवायचे, एम-ए आणि एम-बी. एम-ए म्हणजे पकड देणारे, तेलात भिजणाऱ्या क्लचसाठी. एम-बी म्हणजे कमी घर्षणाचे, ज्या गाडीचा क्लच तेलात नसतो तिच्यासाठी. २००६ सालापासून एम-एचे आणखी दोन पोटवर्ग झाले, एम-ए वन आणि एम-ए टू. त्यांतील टूची पकड अधिक. पुस्तकात नुसते एम-ए लिहिले असेल तर दोहोंपैकी कोणतेही चालते. एम-ए टू लिहिले असेल तर तेच घ्यावे. ज्या तेलाची रीतसर नोंदणी झालेली असते, त्याच्या बाटलीवर एका चौकटीत नोंदणीचा क्रमांक आणि वर्ग छापलेला असतो आणि त्या गुणाची हमी कोणती कंपनी घेते तेही असते. इंग्रजी फारसे वाचता येत नसेल तरी हरकत नाही. एम आणि ए ही दोन अक्षरे ओळखता आली की काम झाले.

आता दारातल्या स्कूटरकडे वळू. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये पट्टा असतो आणि वेग वाढला की आपोआप धरणारा क्लच असतो. हे दोन्ही वेगळ्या कोरड्या घरात असतात. इंजिनाचे तेल तेथे पोहोचत नाही. म्हणून स्कूटरला एम-बी तेल देतात आणि त्याने तिचे अ‍ॅव्हरेज थोडे सुधारते. एकाच घरात स्कूटर आणि मोटारसायकल असली, आणि आकडा दोघींचा १०डब्ल्यू-३० असला, की एकच बाटली दोघींत ओतण्याचा मोह होतो. तेथे एवढे लक्षात ठेवा: मोटारसायकलचे एम-ए तेल प्रसंगी स्कूटरमध्ये पडले तर क्लच बिघडत नाही, फार तर अ‍ॅव्हरेजचा थोडा लाभ जातो. पण स्कूटरचे एम-बी तेल मोटारसायकलमध्ये पडले तर क्लच घसरण्याची भीती. म्हणून कपाटातल्या बाटलीवर कोणत्या गाडीचे ते ठळक लिहून ठेवावे. आपण हळद आणि डाळीचे पीठ एकसारख्या डब्यांत ठेवले तर चिठ्ठी लावतोच ना?

विजेवरच्या स्कूटरला इंजिन नाही, त्यामुळे इंजिन ऑइलही नाही. तिच्या मालकिणींनी आजच्यापुरते स्वस्थ बसावे.

दुकानात नेहमी ऐकू येणाऱ्या काही समजुती आहेत, त्यांचाही थोडा परामर्श घेते. पहिली समजूत, सिंथेटिक ऑइलने क्लच घसरतो. हे खरे नाही. सिंथेटिक असो वा साधे, एम-ए वर्गाचे असेल तर क्लचला चालते. घसरतो तो त्यातील घर्षण घटवणाऱ्या द्रव्यांमुळे. दुसरी समजूत, ट्रॅक्टरचे किंवा पंपाचे डिझेल ऑइल चालते. त्यातील एखादे चालूनही जाईल, पण बाटलीवर मोटारसायकलच्या क्लचची हमी नसेल तर आपल्या गाडीवर प्रयोग कशाला करावा? तिसरी, तेलात मिसळायची "औषधे". इंजिन मऊ चालेल, आवाज जाईल, म्हणून छोट्या बाटल्या विकतात. त्यांपैकी कित्येकांत घर्षण घटवणारेच पदार्थ असतात. उत्तम एम-ए तेलात असली बाटली ओतली तर त्या एम-ए अक्षरांना अर्थ उरत नाही.

आता क्लच बिघडल्याची लक्षणे आणि त्यावर करायचा क्रम. दोन प्रकारची दुखणी असतात, ती वेगवेगळी ओळखावीत.

एक घसरण्याचे. चढावर किंवा ओझे घेऊन वरच्या गिअरमध्ये पीळ वाढवला की इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. पेट्रोल जास्त लागते. करपट वास येतो. उतारावरही याचा धोका आहे, कारण पीळ सोडल्यावर इंजिन जी गाडी आवरून धरते ती पकड ढिली पडते आणि सगळा भार ब्रेकांवर येतो. घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षण कधीही अंगावर काढू नये.

दुसरे चिकटण्याचे. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे ओढते, गिअर कटकन आवाज करून पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. केबल फार सैल असली, किंवा सांगितल्यापेक्षा दाट अथवा फार जुने तेल असले, की असे होते. गाडी पुष्कळ दिवस उभी असली तरी चकत्या एकमेकींना चिकटतात. अशा वेळी न्यूट्रलमध्ये गाडी सुरू करून थोडी तापू द्यावी आणि क्लच चार-सहा वेळा दाबून सोडावा.

घसरण्याचे दुखणे दिसले की लगेच प्लेटा टाकायला निघू नये. आधी बिनपैशाचा उपाय, मग थोड्या पैशांचा, मग मोठा, असा क्रम ठेवावा.

पहिले, केबलचा ताण पाहा. क्लचचा दांडा दाबताना सुरुवातीला थोडा मोकळा, बिनजोराचा हलला पाहिजे. किती, ते पुस्तकात दिलेले असते. पुष्कळ गाड्यांना दांड्याच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर सांगतात. तो मोकळेपणा मुळीच नसेल तर तुम्ही न दाबताच क्लच अर्धवट दाबलेला आहे. तो घसरणारच. ही दुरुस्ती दोन मिनिटांची आहे.

दुसरे, चालवण्याची सवय. क्लचवर बोटे टेकवून चालवणे, चढावर अर्धा क्लच धरून गाडी तोलणे, याने प्लेटा झिजतात. ही सवय बायकांना असते असे म्हणतात; पुरुषांनाही तितकीच असते, फक्त ती कोणी बोलून दाखवत नाही.

तिसरे, मागच्या वेळी ऑइल कोणते घातले ते शोधा. एम-ए नसेल किंवा माहितीच नसेल, तर ते काढून योग्य ते घाला. जुने तेल थोडे आत राहतेच, म्हणून दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलले तर अधिक चांगले. चकत्या जळालेल्या नसतील तर पुष्कळदा पकड परत येते आणि प्लेटांचा खर्च वाचतो.

चौथे, एवढे करूनही घसरत असेल तर मात्र क्लच उघडून प्लेटा आणि स्प्रिंगा मापून पाहाव्यात. झिजल्या असतील तर बदलाव्यात. आणि नव्या प्लेटांवर जुने चुकीचे तेल पुन्हा ओतू देऊ नये. वहिनींच्या गाडीत नेमके तेच झाले होते. दुसऱ्या वेळी प्लेटांबरोबर एम-ए तेल घातले. आता त्या तोच घाट, तेच डबे घेऊन, त्याच हातांनी चढतात. क्लच पुन्हा उघडावा लागला नाही.

तेलाच्या रोजच्या निगेविषयी दोन शब्द. तेल मोजताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करावी. दोन-चार मिनिटे इंजिन चालवून बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे, मग पट्टी पुसून पाहावी. पुष्कळ गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. आपल्या गाडीचे पुस्तकात बघावे. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी झाले तर इंजिनाला धोका, आणि "थोडे जास्त असू दे" म्हणून वरच्या खुणेपलीकडे भरणेही बरे नव्हे. बदलण्याची मुदत पुस्तकात किलोमीटरमध्ये दिलेली असते. गिअरचे दाते तेलाला सारखे चिरडत असतात, त्याने त्याचा दाटपणा कमी होत जातो; म्हणून वरून भर घालत राहणे म्हणजे बदलणे नव्हे. बाटली सीलबंद घ्यावी, आपल्या डोळ्यांदेखत फोडून घ्यावी आणि रिकामी झाल्यावर तिला भोक पाडावे, म्हणजे तीत कोणी भलतेच भरून विकणार नाही. काढलेले काळे तेल हाताला लावू नये, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

भगिनींनो, यंत्राविषयी बोलताना आपल्याला बहुधा दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. "तुम्हाला त्यातले कळायचे नाही" किंवा "तुम्हीच बिघडवले असेल". दोन्हींना भांडून उत्तर देण्यापेक्षा एक नेमका प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडते. गॅरेजमध्ये गेल्यावर विचारावे, "ऑइल एम-ए आहे ना? बाटली दाखवा." प्रामाणिक मिस्त्री आनंदाने दाखवील. जो दाखवणार नाही, त्याच्याकडे पुन्हा जावे की नाही हे आपले आपण ठरवावे.

शेवटी मंडळाला एक सूचना करते. पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येकीने आपल्या गाडीचे माहितीपुस्तक घेऊन यावे. पुस्तक हरवले असेल तर गाडीचे नाव आणि साल लिहून आणावे. आपण एका कोऱ्या कार्डावर चार ओळी लिहू: गाडीचा क्रमांक, तेलाचा आकडा, जासोचा वर्ग आणि शेवटचे ऑइल किती किलोमीटरवर बदलले. ते कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे. तासाभराचे काम आहे, आणि मी मदतीला आहेच.